जंक्शनमागचे मिरज

पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चार वाटांच्या गाड्या मिरजेत एकत्र येतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या असंख्य कुटुंबांचा या गावाशी संबंध येतो तो गाडी बदलण्यापुरता किंवा दवाखान्यापुरता. स्टेशन, रिक्षाचा अड्डा, रुग्णालयाचे फाटक आणि पुन्हा स्टेशन, एवढीच मिरज त्यांना ठाऊक असते. सांगली तर लागूनच. दोन्ही शहरांची आज एकच महापालिका आहे. तरीही मिरजेच्या जुन्या पेठांतून कामाशिवाय चालत जाणारा माणूस विरळाच. किल्ला, मार्केट, दर्गा, ब्राह्मणपुरी आणि सतारमेकर गल्ली हा सारा पसारा पायी सहज फिरून होतो. त्यात डोळ्यांना दिपवणारे फारसे काही नाही. या गावाचा इतिहास इमारतींपेक्षा आवाजांत अधिक टिकला आहे, आणि वाहनाच्या काचेआडून तो ऐकू येत नाही.

स्टेशनाचा इतिहासही आवाजांचाच होता. सदर्न मराठा रेल्वेची मीटरगेज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत येथे पोहोचली, कोल्हापूरचा फाटा १८९१ मध्ये सुरू झाला, आणि पंढरपूरकडून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. पुढे पुणे मार्ग ब्रॉडगेज झाला, पण बाकीचे दोन्ही रूळ बरीच वर्षे तसेच राहिले. त्यामुळे तीन वेगवेगळ्या रुंदीच्या गाड्या एकाच आवारात उभ्या असलेल्या दिसत, अशी मिरजेची ख्याती होती. पंढरीच्या वारकऱ्यांनी भरलेली छोटी गाडी आणि तिच्यातून येणारा टाळांचा आवाज आजही अनेक वयस्कांच्या स्मरणात आहे. या आवारातल्या जुन्या हैदरखान विहिरीचे नाव २०१६ च्या एप्रिलमध्ये एकाएकी देशभर पोहोचले. दुष्काळात होरपळलेल्या लातूरला पाणी नेणारी पहिली गाडी येथून सुटली. दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती निघाली. पाणी कृष्णेचे होते आणि भरण्याची व्यवस्था या विहिरीच्या परिसरातली. त्याआधी शेजारून रोज जाणाऱ्यांतल्या किती जणांनी ती विहीर वाकून पाहिली असेल, याचा अंदाज करणे कठीण नाही.

किल्ल्याच्या बाबतीत मात्र पाहण्यासारखे कमी आणि सांगण्यासारखे जास्त आहे. तट पडले, खंदक बुजत गेला, आत वस्ती आणि कचेऱ्या आल्या. ‘किल्ला भाग’ हे आता वस्तीचे नाव झाले आहे. बहमनी आणि आदिलशाही राजवटींत कृष्णाकाठच्या या सपाट मुलखावर नजर ठेवणारे हे मोठे ठाणे होते. अफजलखानाच्या वधानंतर शिवाजी महाराजांनी मिरजेला वेढा घातला होता. १६६० च्या सुरुवातीला सिद्दी जौहर चालून येतो आहे असे कळल्यावर ते येथूनच पन्हाळ्याकडे वळले. मराठ्यांच्या ताब्यात मिरज पक्की आली ती १७३९ मध्ये. सातारा सहसा न सोडणारे छत्रपती शाहू या मोहिमेवर स्वतः निघाले होते, यावरून ठाण्याचे महत्त्व लक्षात येते. पेशवाईत किल्ला पटवर्धनांकडे गेला. एकोणिसावे शतक उजाडताना घरात वाटणी झाली आणि चिंतामणराव आप्पासाहेबांनी सांगलीला वेगळी गादी मांडली. सांगलीने पुढे नाटक वाढवले. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये तेथेच, दरबारच्या आश्रयाने रंगभूमीवर आले. मिरजेच्या वाट्याला गाणे आले.

त्या ‘सीतास्वयंवरा’च्या पावणेदोनशे वर्षे आधी याच नावाचे काव्य लिहिणारी कवयित्री मिरजेची होती. समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाई यांचे माहेर कोल्हापूरचे आणि सासर मिरजेचे. लहान वयात वैधव्य आले आणि समर्थांकडे ओढा वाढला, तेव्हा घरच्यांचा आणि गावाचा रोष त्यांनी सोसला. समर्थांनी त्यांना मिरजेचा मठ दिला आणि उभे राहून कीर्तन करण्याचा अधिकारही दिला. सतराव्या शतकात एका विधवेने चारचौघांत उभे राहून कीर्तन करणे ही केवढी मोठी गोष्ट होती, हे त्या काळाच्या चालीरीती डोळ्यांपुढे आणल्याशिवाय कळत नाही. वेणाबाईंनी देह ठेवला साताऱ्याजवळ सज्जनगडावर, १६७८ मध्ये. त्यांचा मठ ब्राह्मणपुरीत आजही आहे. मिरजेतल्या गाण्याची गोष्ट साधारणपणे संस्थानिकांपासून किंवा दर्ग्यापासून सुरू केली जाते. ती या मठापासून सुरू करणे अधिक न्यायाचे ठरेल.

संगीताचा मोठा काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि तो आला आजारपणाच्या वाटेने. हा योगायोग एकदाच घडला असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते; मिरजेत तो पुन्हा पुन्हा घडला. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना दम्याच्या विकारामुळे मुंबईची दमट हवा मानवेना. कोरड्या हवेचे मिरज त्यांना सोसले आणि संस्थानिकांचा आश्रयही मिळाला. कुरुंदवाडचा विष्णू दिगंबर पलुसकर हा मुलगा दारूकामाने डोळ्यांना इजा झाल्यावर उपचारांसाठी मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणला गेला. दृष्टी पूर्ववत होणार नाही हे स्पष्ट झाले, तेव्हा त्याला गाणे शिकवावे असे ठरले, आणि मिरजकर संस्थानिकांनी त्याला बाळकृष्णबुवांच्या हाती सोपवले. घरकाम, गुरुसेवा आणि मेहनत यांत त्याची वर्षे मिरजेत गेली. १८९६ मध्ये त्याने गाव सोडले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणे राजवाड्यांतून आणि कोठ्यांतून काढून शाळेच्या वर्गात आणणारा हा माणूस घडला तो मिरजेच्या पेठांत. विनायकबुवा पटवर्धन हे पलुसकरांचे थोर शिष्य तर जन्मानेच मिरजकर. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी नीलकंठबुवा आलूरमठ यांच्याकडे सुरुवातीची तालीम घेतली तीही येथेच.

दरम्यान १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी संस्थानिकांनी दिलेल्या जागेवर मिशन हॉस्पिटल सुरू केले. शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसे येऊ लागली, औषधोपचाराचे शिक्षण सुरू झाले, आणि सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी उभारलेल्या आरोग्यधामाभोवतीच्या वस्तीला वानलेसवाडी हेच नाव पडले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली. एक्स-रेचे मोठे पाकीट काखेत धरून मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत पत्ता विचारणारी माणसे येथल्या रस्त्यांवर सव्वाशे वर्षे चालत आहेत. त्यांतलाच एक कोवळा तरुण नारायण राजहंस. त्याच्या कानाच्या दुखण्यावर वानलेस यांच्याकडे उपचार व्हावेत अशी तजवीज कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी केली होती. किर्लोस्कर नाटक मंडळीत तो गेला आणि १९०५ मध्ये मिरजेतच शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. ज्याला पुढे सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेणार होता, त्याचा कान येथे बरा होत होता आणि गळाही येथेच रंगभूमीवर आला. गावातल्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे.

आजारपणाची चौथी गोष्ट दर्ग्यातली. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांचा दर्गा म्हणजे मिरजेच्या जुन्या वस्तीचा मध्य. उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो. हा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा आहे आणि गाव तो कसोशीने पाळते. उत्तर प्रदेशातल्या कैराना येथे १८७२ मध्ये जन्मलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मिरजेत आले. प्लेगने गाठलेल्या खाँसाहेबांनी मीरासाहेबांपुढे गाऊन सेवा केली आणि त्यांना उतार पडला, असे गावात सांगतात. त्यातला चमत्कार ज्याचा त्याने मानावा किंवा मानू नये. पण त्यानंतर खाँसाहेबांचा या दर्ग्याशी जडलेला संबंध आयुष्यभर तुटला नाही, याबद्दल वाद नाही. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ मध्ये मिरजेत झाला. उत्तरायुष्यात खाँसाहेबांचे घर येथेच होते. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना २७ ऑक्टोबर १९३७ रोजी सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवला; पार्थिव मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादनाच्या रात्री होतात. देशभरचे कलावंत दर्ग्यातल्या चिंचेच्या झाडाखाली हजेरी लावतात, आणि हजेरी हाच तेथला शब्द आहे. मैफल म्हणून कोणी तेथे गात नाही.

खाँसाहेबांच्या गळ्याचा उपयोग याच टापूत एका शास्त्रीय प्रयोगासाठीही झाला, आणि तो सांगली-सातारकरांनाही फारसा आठवत नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर प्राचीन ग्रंथांतल्या बावीस श्रुती प्रत्यक्ष कंपनसंख्यांत मोजू पाहत होते. सूर नेमका लावून तो पुन्हा तसाच लावणारा गायक त्यांना हवा होता; तो अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने मिळाला. देवलांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे इंग्रज न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि १९११ मध्ये साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. श्रुतींना अनुसरून पट्ट्या लावलेली खास हार्मोनियम तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठा खल झाला. पंडित भातखंड्यांना ही मांडणी पटली नाही. श्रुतींचा वाद आजही मिटलेला नाही. पण सांगलीचा सरकारी अधिकारी, साताऱ्याची संस्था आणि मिरजेचा गवई यांनी मिळून सूर मोजण्याचा हा खटाटोप केला, याचा या जिल्ह्यांना अभिमान वाटायला हवा आणि त्याची कोठेतरी पाटी लागायला हवी.

हे सारे गाणे ज्या वाद्यावर टेकलेले असते, ते वाद्य दर्ग्यापासून थोड्या अंतरावर तयार होते. सतारमेकर गल्लीचा उगम शस्त्रांत आहे. तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे शिकलगार आदिलशाहीपासून किल्ल्याच्या आसऱ्याने राहत होते. १८१८ नंतर लढाया थांबल्या, संस्थानी फौजा आटल्या, आणि धार लावून घ्यायला येणारे हात कमी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरच्यांनी तंबोरा आणि सतार दुरुस्त करण्यास, आणि मग नवी करण्यास सुरुवात केली. दरबारात गवयांची ये-जा होती, त्यांची वाद्ये बिघडत होती, आणि ती दुरुस्तीला दूर पाठवण्यापेक्षा गावातल्या कसबी माणसांकडे देणे सोयीचे होते. फरीदसाहेबांच्या हाताखाली इतर तयार झाले, आडनावच सतारमेकर झाले, आणि सात-आठ पिढ्यांचा धंदा उभा राहिला. लोखंडावर कानस चालवून पाते केसाएवढे बारीक करणारा हात तारांखालच्या हाडाच्या घोडीवर कानस चालवू लागला, तेव्हा त्याला नवे शिकावे लागले ते कानाने. हाताची सवय जुनीच होती.

तंबोऱ्याची सुरुवात शेतात होते. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठच्या जमिनीत जाड सालीचे कडू भोपळे पिकवले जातात. ते खाण्याच्या उपयोगाचे नसतात. त्यांचे पीक केवळ वाद्यांसाठी घेतले जाते. वाळून खडखडीत झालेले भोपळे गल्लीत येतात आणि घरांच्या माळ्यांवर, छतांना टांगून, भिंतींच्या कडेने रचून ठेवलेले दिसतात. भोपळा कापण्याआधी पाण्यात भिजत घालतात. साल मऊ झाली की तोंड उघडून आतला गर आणि बिया खरवडतात, आणि आत काठ्यांचे आडवे टेकू देऊन तोंड हव्या त्या रुंदीला ताणतात. मग तो पुन्हा वाळतो. त्याला तून लाकडाचा गळा जोडला जातो, त्यावर आतून पोकळ केलेली दांडी चढते, आणि तोंडावर किंचित फुगीर अशी पातळ तबली बसते. सांधा झाकण्यासाठी लाकडात कोरलेली पाने चिकटवतात. पूर्वी हस्तिदंताची असे ती नक्षी आता सेल्युलॉइडची असते. लाखेचे पॉलिश होते, खुंट्या बसतात. पुरुष गायकाचा तंबोरा मोठ्या भोपळ्याचा आणि लांब दांडीचा, काळी एकच्या आसपास लागणारा. बायकांचा लहान, काळी चार-पाचपर्यंत चढणारा. कामे घराघरांत वाटलेली असतात. कोणी फक्त दांड्या करतो, कोणी नक्षी, कोणी तारा चढवून वाद्य बोलते करतो.

वाद्य बोलते करणे म्हणजे जवारी काढणे. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. छेडलेली तार या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, त्यामुळे मूळ सुराबरोबर वरचे सूर फुटतात आणि आवाज लांबतो. हा उतार किती असावा याचे माप कोणत्याही पट्टीवर नाही. कारागीर तार बाजूला सारतो, कानस दोन वेळा फिरवतो, तार पुन्हा बसवून छेडतो, मान वाकवून ऐकतो, आणि पुन्हा तार काढतो. मग तारेखाली सुती धागा घालून तो पुढेमागे सरकवत राहतो. एका जागी तार एकदम उघडते. खुली जवारी, बंद जवारी, गोल जवारी हे गवयाच्या आवडीचे प्रकार, आणि गवयाचा आवाज ऐकूनच कोणती काढायची ते ठरते. पंचम आणि षड्जाच्या तारा नीट मिळाल्या की कोणी न लावलेला गांधार आपोआप ऐकू येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात, आणि तो आला की काम संपले असे कारागीर मानतो. अब्दुल करीम खाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते आणि जवारीबाबत कमालीचे काटेकोर. एकेक सूर सावकाश उलगडणाऱ्या त्यांच्या किराणा गायकीला असा तंबोरा लागतोच. गल्ली खाँसाहेबांच्या आधीची. पण त्यांच्या मागणीने तिच्या कानाला जी धार आली ती त्यांच्यानंतरही टिकली, असे म्हणायला जागा आहे.

घोडी झिजते, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते. त्यामुळे वाद्य विकले तरी गल्लीचा गवयाशी संबंध संपत नाही. कारागीर हत्यारांची पिशवी घेऊन पुण्या-मुंबईच्या गायकांच्या घरी जात आले आहेत. गल्लीतून दुपारी चालत जाताना रंधा, पटाशी, करवत यांच्या आवाजांत मधूनच एक तार सतत छेडली जात असल्याचे कानावर येते. एकच सूर, थोडा बदलून, पुन्हा तोच. गावातल्या माणसाला त्याची इतकी सवय झालेली असते की थांबून ऐकावे असे त्याला वाटत नाही. बाहेरून येणाऱ्याने मात्र थांबावे. तार बंद असतानाची आणि उघडल्यानंतरची, यांतला फरक कळायला संगीत शिकलेले असावे लागत नाही.

गेल्या चाळीस वर्षांत या धंद्यापुढच्या अडचणी वाढल्या. बंगळुरूहून आलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आधी रियाजात आणि मग मैफलींत शिरला; आता तर मोबाइलमध्येच तंबोरा वाजतो. विमानप्रवासात मोठा भोपळा सांभाळणे अवघड, म्हणून लहान चपट्या पेटीचे तंबोरे मिरजेतही होऊ लागले. चांगले तून लाकूड महागले, भोपळ्याखालचे शेत उसाखाली जाऊ लागले, आणि कृष्णाकाठाला मोठे पूर आले. उलट परदेशातल्या शिकणाऱ्यांकडून मागणी वाढली, आणि नव्या पिढीतले काही जण शिकून पुन्हा याच कामात आले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडे केलेल्या वाद्याला मिरजेचे नाव लावून विकता येणार नाही. मजुरी, लाकूड आणि भोपळा यांचे प्रश्न मानांकनाने सुटत नाहीत; त्यासाठी भीमाकाठच्या शेतकऱ्याला या पिकाचा परवडेल असा भाव मिळणे आणि गल्लीतल्या पोराला जवारी शिकण्याची काही वर्षे पोट भरता येणे, या दोन्ही गोष्टी लागतात. उरुसाखेरीज नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही मिरजेत दर वर्षी संगीताचा उत्सव होतो, आणि दोन्हीकडे गायकांच्या मागे लागणारे तंबोरे याच गल्लीत झालेले असतात.